पोरगा सांभाळते का?

सावरखेड्यात भागीरथाबाईच्या वाटेला सहसा कोणी जात नसे. बाई अंगानं काडी, पण आवाज असा की हातपंपावर तिनं तोंड उघडलं की एसटीच्या फाट्यावर उभ्या असलेल्या माणसाला कळायचं, आज कोणाची तरी खैर नाही. तिच्या तोंडात तीळ भिजत नाही, असं बुद्धविहारातल्या बाया म्हणायच्या, आणि तिच्याच शेजारी जागा धरून बसायच्या. ती असली की रविवारची वंदना झाल्यावर तासभर हसणं व्हायचं. ती नसली की सगळ्या आपल्या मुकाट घरी जायच्या.

गाव असं, की अमरावती जेवढी लांब तेवढंच अकोला लांब. म्हणजे काम दोन्हीकडे आहे आणि जवळ कुठेच नाही. जमीन काळीभोर, पाणी मात्र खारं. त्या पाण्यानंच माणसांच्या किडन्या जातात असं गाव म्हणतं. खरंखोटं डॉक्टर जाणोत, पण भागीरथाबाईचा नवरा किसनराव त्याच दुखण्यानं गेला. जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी लीलया उचलणारा माणूस, शेवटी त्याला उचलून खाटेवर ठेवावं लागायचं. तो गेला तेव्हा मुलगा धम्मदीप पाचवीत होता. पुण्यानुमोदन आटोपल्यावर अचलपूरचा भाऊ म्हणाला, "चाल बाई माह्यासंगं." भावजय मात्र उंबरठ्याकडे पाहत होती. भागीरथाबाईला तेवढं पुरलं.

"मी कोनाच्या दाराशी बसनार नाई," ती म्हणाली. "माहं घर हाय, माहा पोट्टा हाय."

घरातला कमावता माणूस गेला की सरकार दोन प्रकारे हात देतं, हे तिला ग्रामपंचायतीत समजलं. एक मदत एकरकमी, एकदाच मिळणारी. ती यायला वर्ष लागलं आणि आली तशी दवाखान्याच्या उधारीत गेली. दुसरी निराधार योजनेची, महिन्याच्या महिन्याला थेट खात्यात. तिच्यासाठी तलाठ्याचा अहवाल लागतो, उत्पन्नाचा दाखला लागतो, तालुक्याच्या समितीची मंजुरी लागते, आणि पुढं दरवर्षी चौकशी. बाई जिवंत आहे का, तिनं दुसरं लग्न केलं का, आणि पोरगा कमवायला लागला का. पोरगा कमावता झाला की बाई निराधार उरत नाही, असा नियम. नियम वाईट नाही. पोरगा कमवू लागला की आईला सांभाळतोच, असं नियम करणाऱ्याला वाटलं असणार. त्याची आई सुखी असावी.

"जित्ती हाय का म्हनून काय इचारता?" पहिल्या चौकशीला तिनं त्या वेळच्या तलाठ्याला सुनावलं होतं. "फाट्यावर आवाज नाई आला काय तुमाले?"

पैसे थोडेच होते. पण त्या पैशांना कोणाचा चेहरा नव्हता. भावजयीचा नाही, दिराचा नाही. म्हणून ते ती ताठ मानेनं घ्यायची. निंदणी आणि कापूस वेचणीची मजुरी वर घालून तिनं धम्मदीपला बारावी केलं, मग तालुक्याच्या कॉलेजात बी.ए. केलं. त्याला तिनं कधी वावरात येऊ दिलं नाही. सुट्टीत तो विळा घेऊन निघाला तर विळा हिसकून घ्यायची. तोवर तिचा डावा गुडघा कामातून गेला होता. खाली बसलं की उठवत नव्हतं, आणि निंदणीला खाली न बसता कसं चालणार? मग सगळा भार त्या महिन्याच्या पैशांवर आला. चूल त्यांच्यावर, गुडघ्याच्या गोळ्या त्यांच्यावर, आणि कोणापुढे हात न पसरण्याचा तिचा हट्टही त्यांच्यावरच.

धम्मदीप आईच्या अगदी उलट. चार शब्द विचारले तर एक द्यायचा. त्यानं सरकारी रोजगाराच्या संकेतस्थळावर नाव नोंदवलं होतं. तिथून एक दिवस निरोप आला, की अकोल्याच्या एका सरकारी कार्यालयात सहा महिन्यांचं प्रशिक्षण, आणि त्याबद्दल विद्यावेतन.

"माय, नोकरी नोहे थे," तो म्हणाला. "शिकाले ठेवते सहा महिने. मंग सोडून देते."

"हापिस सरकारी हाय ना?"

"हाय."

"खुर्ची देते ना?"

"देते."

"मंग नोकरीले काय शिंगं राहते?" असं म्हणून तिनं विषय संपवला. त्यानं सांगितलेलं तिला नीट समजलं होतं. पण नवरा गेल्यापासून तिला असं काही सांगायला मिळालंच नव्हतं, आणि मिळालेलं ती सोडणार नव्हती.

रविवारी पांढरं लुगडं नेसून ती पेढ्यांचा पुडा घेऊन विहारात गेली. वंदना संपायची वाट पाहताना तिची चुळबूळ सगळ्यांना दिसत होती. "घ्या व बायानो! माहा धम्मदीप साहेबाच्या बाजूले बसते आता."

शेजारची माया तिची जिवाभावाची. ती हळूच म्हणाली, "पक्की हाय काय व नोकरी?"

"पक्की नाई त कच्ची राहते काय? भाजी हाय का थे?"

बाया खिदळल्या. पेढे संपले. भागीरथाबाईनं पुड्याचा रिकामा खोका घरी नेऊन फळीवर ठेवला.

त्यानंतर थोड्याच दिवसांत चौकशीला नव्या तलाठी बाई आल्या, रागिणी मॅडम. मूळच्या अचलपूरच्या, समजूतदार बाई. बरोबर कोतवाल सूर्यभान. विहाराच्या ओट्यावर खुर्ची टाकली, निराधारच्या बाया भोवती बसल्या, बाकीच्या ऐकायला उभ्या राहिल्या. अशी चौकशी खेड्यात एकांतात होत नसते. भागीरथाबाईची पाळी आली. मॅडमनं विचारलं, "मुलगा काय करतो?"

"अकोल्याले हाय. सरकारी हापिसात."

मॅडमचा पेन थांबला. "प्रशिक्षणाला आहे ना तो? ते सहा महिन्यांचं? नीट सांगा, भागीरथाबाई."

मॅडमनं दार उघडून धरलं होतं. नुसतं "हो" म्हणायचं होतं. पण भोवती सगळ्या पेढे खाल्लेल्या बाया उभ्या होत्या, आणि मायाही होती.

"प्रशिक्षन कायचं, मॅडम? नोकरी लागली माह्या पोट्ट्याले. लिहा तुमी बिनधास्त."

मॅडमनं एकदा तिच्याकडे पाहिलं आणि लिहिलं. सूर्यभाननं मोठ्यानं अभिनंदन केलं.

सहा महिने धम्मदीपनं एसटीनं येणं-जाणं केलं. तिथं तो झेरॉक्स काढायचा, टपालाची नोंद करायचा, साहेबांच्या पत्नीचं विजेचं बिल भरून यायचा. शेवटच्या दिवशी एक प्रमाणपत्र दिलं, सगळ्यांचा एकत्र फोटो काढला आणि त्याच खुर्चीवर दुसऱ्या दिवशी दुसरं पोरगं बसलं. त्याचा कोणाला राग आला नाही. ठरलंच होतं तसं.

आणि त्याच सुमारास तिचे पैसे आले नाहीत. ग्रामपंचायतीत बँकेचा माणूस मशीन घेऊन बसायचा. तिनं अंगठा लावला, खातं उघडलं, पण आत काही नव्हतं. आपल्या घासलेल्या अंगठ्याचीच काही खोड असेल म्हणून तिनं हातपंपावर जाऊन साबणानं अंगठा धुतला आणि परत रांगेत उभी राहिली. दुसऱ्या महिन्यात तेच. मग ती तालुक्याला बंडूच्या सेतू केंद्रात गेली. बंडू सगळ्यांचे अर्ज भरायचा आणि सगळ्यांना मावशी म्हणायचा. त्यानं कॉम्प्युटरवर पाहून सांगितलं, "बंद झालं, मावशी. पोरगा नोकरीत हाय म्हनून."

ती आधी ओरडली. कोणी लिहिलं, त्याचा मुडदा बसवला, असं खूप बोलली. मग एकदम बाकावर बसली, कारण कोणी लिहायला सांगितलं ते तिला आठवलं.

"नोकरी नोहेच ना थे," ती हळू आवाजात म्हणाली. "थे त शिकाले ठेवलं होतं."

बंडूला ऐकून हसू आलं नाही, हे त्याचं चांगलं. त्यानं सगळं समजावून सांगितलं. नवा अर्ज करता येतो. पण प्रशिक्षण संपल्याचं दाखवलं तरी समिती विचारणार, पोरगा शिकलेला आहे, तरणाताठा आहे, घरात आहे, मग आईला का नाही सांभाळणार? त्यापेक्षा सोपा रस्ता एकच. पोरगा वेगळा राहतो, सांभाळत नाही, असं पंचांसमोर सांगायचं. तलाठी बाई विचारतील, पंच ऐकतील, झालं.

"माह्या लेकराची बदनामी करू काय मी? माह्या तोंडानं?"

"कागदापुरतं, मावशी. सारेच करते."

ती उठून घरी आली. पुढचे काही महिने त्या घरानं कसे काढले ते त्या घरालाच ठाऊक. धम्मदीप अमरावतीच्या रोजगार मेळाव्याला गेला. मोठा मांडव, पाण्याचे जार, कंपन्यांची टेबलं. प्रत्येकानं त्याचा बायोडाटा घेतला आणि ठेवून दिला. एका टेबलावर चाकणच्या कंपनीत लगेच काम होतं, पण तो म्हणाला, आई एकटी आहे. टेबलामागचा माणूस त्याच्या मागच्या पोराशी बोलू लागला. मग धम्मदीप मंडपवाल्याकडे खुर्च्या उचलायला जाऊ लागला, लग्नं असतील तेव्हा. गोळ्या बंद झाल्या. एका सकाळी भागीरथाबाईला खाटेवरून उठताच येईना, तेव्हा त्यानं तिला धरून उठवलं, चहा करून हातात दिला आणि म्हणाला, "सांगून दे माय, मी सांभायत नाई म्हनून. मले काय फरक पडते? तुले मले त मालूम हाय."

"लोकं काय म्हनतीन?"

"लोकं देते काय गोया?"

हे बरोबर होतं. पोरगं कमी बोलायचं, पण बरोबर बोलायचं.

तर पुन्हा तोच विहाराचा ओटा, रागिणी मॅडम, सूर्यभान कोतवाल, आणि या वेळी पंच म्हणून गावातले पाच जण. बाया होत्याच. भागीरथाबाईनं घरून एक वाक्य पाठ करून आणलं होतं आणि ते तिनं म्हटलं, "पोरगा अलग राहते, मले सांभायत नाई." पंचांपैकी पुंजाजी म्हातारा. त्यानं चष्म्यावरून पाहिलं. "असं कसं व? परवा त तुले दवाखान्यात घेऊन चालला होता."

इथं तिनं थांबायचं होतं. मॅडमही म्हणाल्या, "एवढं पुरे." पण पुंजाजीची मान हलत नव्हती, पैसे त्या मानेवर टांगलेले होते, आणि भागीरथाबाईच्या तोंडाला एकदा सुरुवात झाली की ते कधी एका वाक्यावर थांबलं होतं?

"दवाखान्यात? लोकायले दाखवाले नेते थो!" तिचा आवाज चढला. "घरात मायले पान्याचा गिलास देत नाई. ताट लोटून देते. कमावते थे कुठी घालते, देवालेच माईत. याच्यासाठी मी विळा घासला, गुडघे फोडले, याले वावरात पाय ठेवू देल्ला नाई! लेकरू नोहे, दगड हाय दगड. याच्या परीस पोटी काई झालं नसतं त बरं होतं!"

एक बाई पदर डोळ्याला लावू लागली. पुंजाजीची मान हलली. सूर्यभान म्हणाला, "मले वाटतच होतं. लय मुका हाय ना थो, मुक्या मानसाच्या पोटात काय राहते कोनाले मालूम?" दुसरा पंच म्हणाला, त्यानंही काहीबाही ऐकलं होतं. काही ऐकलेलं नव्हतं. पण आता सगळ्यांना ते ऐकल्यासारखं वाटत होतं. मॅडमनं लिहिलं.

भागीरथाबाई उतरायला वळली तर ओट्याखाली पिंपळाजवळ धम्मदीप उभा. तिला घरी न्यायला आला होता, तिला पायऱ्या उतरवत नाहीत म्हणून.

त्यानं तिचा हात धरला, घरी नेलं, चहा केला. ती सारखी बोलत होती, "अरे थो पुंजाजी मानतच नव्हता ना, म्हनून बोलनं पडलं, तुले त मालूम हाय बाप्पा." तो म्हणाला, "मालूम हाय." मग कप विसळताना म्हणाला, "पन माय, तू बोलत होती तवा मले बी खरं वाटलं."

त्या दिवसापासून गाव त्याच्याकडे वेगळ्या नजरेनं पाहू लागलं. फाट्यावर पोरं चूप व्हायची. मंडपवाला म्हणाला, आधी मायचं पाह्य, मंग कामाचं पाह्य. भातकुलीकडून अपेक्षा नावाच्या मुलीचं स्थळ ठरल्यात जमा होतं. मुलीचा बाप गावात चौकशीला आला, चौकात दोन जणांशी बोलला आणि चहा न घेता परत गेला. भागीरथाबाई त्याच्यामागे फाट्यापर्यंत लंगडत गेली, "खोटं हाय थे, कागदासाठी बोलली मी," असं सांगत राहिली. तो म्हणाला, "बाई, माय पोराले झाकतेच," आणि एसटीत चढला.

धम्मदीपनं एका पिशवीत कपडे भरले. चाकणच्या त्या टेबलाचा नंबर त्याच्याकडे होता. जाताना तो चिडला नाही, रडला नाही. चिडला असता तर तिनं त्याला आपल्या आवाजानं धरून ठेवलं असतं. पाया पडला आणि गेला. ती दारात उभी राहिली.

तिचे पैसे सुरू झाले. समितीनं मंजूर केलं, बँकेच्या माणसाच्या मशीनवर अंगठा उमटला, गोळ्या आल्या. सुरुवातीला त्याचा फोन यायचा, एकदा थोडे पैसेही आले. मग कंपनीनं काढलं म्हणाला, दुसरीकडे लागलो म्हणाला. मग फोन कमी झाला, आणि मग नंबरच लागेना. आंब्याचा मोसम आला आणि गेला. ती रोज लावून पाही, आणि हातपंपावर सांगे, "काल रातीच बोलला, लय काम राहते म्हने." बाया हो म्हणायच्या. एकदा मायानं विचारलं, "नंबर दे ना व, माह्या पोराले तिकडं कामाचं इचाराचं हाय." भागीरथाबाईनं घागर उचलली आणि निघून गेली.

पुढच्या वर्षी चौकशी आली. तोच ओटा. खुर्चीत रागिणी मॅडम, भोवती बाया, कडेला माया. गुडघा धरून भागीरथाबाई पायऱ्या चढली, तिला चढवायला कोणी नव्हतं. पोरगा गेला तो परत फिरकला नाही, हे गावानं मॅडमला सांगितलं होतं. त्यांनी नाव घेतलं, पेन "नाही"च्या रकान्यावर टेकवला आणि तिच्याकडे न पाहताच विचारलं, "मुलगा सांभाळत नाही, बरोबर?"

नुसती मान हलवायची होती. या वेळी खोटंही बोलायचं नव्हतं. पण गेल्या वर्षी ते शब्द तिनं खणखणीत म्हटले, कारण खाली उतरलं की त्याच लेकराच्या हातचा चहा प्यायचा होता. शब्द नुसते तोंडात होते, घरात नव्हते. आता ते घरात होते, चुलीशी होते, रिकाम्या खाटेवर होते. ते या बायांसमोर मोठ्यानं म्हटलं, तर मग खरंच झालं.

"कोन म्हनते?" ती म्हणाली. आवाज तोच, फाट्यापर्यंत जाणारा. "सांभायते ना! दर महिन्याले पैसे धाडते. मोठ्या कंपनीत हाय माहा पोट्टा. जयंतीले येऊन राहिला मले न्याले."

मायानं तोंड दुसरीकडे केलं.

"भागीरथाबाई," मॅडम खाली वाकून म्हणाल्या, "विचार करा. मी अजून काही लिहिलेलं नाही."

"काहून नाई लिहिलं? लिहा. गेल्या सालीच मी खोटी बोलली होती माह्या लेकराबद्दल. असं बी लिहा."

"बंद होतील पैसे."

"होऊ द्या. पोरगा कमावता हाय ना माहा."

मॅडमनं पेन "नाही"वरून "हो"च्या रकान्यावर नेला. मग लिहिलं. भागीरथाबाई भिंतीला हात लावत पायऱ्या उतरली, आणि खाली पोचल्यावर सवयीनं पिंपळाकडे पाहिलं.

पुढच्या महिन्यात पैसे आले नाहीत. ती मशीनजवळ गेलीच नव्हती, बँकेच्या माणसानं मायाजवळ निरोप दिला. मायानं एक पायली ज्वारी तिच्या दाराशी ठेवली. भागीरथाबाईनं दार उघडून ती आत घेतली. मग चौदा एप्रिलची जयंती आली. पुण्याहून, सुरतहून सगळ्यांची पोरं आली, निळे झेंडे लागले, डीजे लागला. भागीरथाबाई पांढरं लुगडं नेसून विहाराच्या ओट्यावर सकाळपासून बसून होती. बाया येत होत्या, आत वंदन करत होत्या, तिच्याजवळ दोन मिनिटं टेकत होत्या. धम्मदीप कधी येते, असं तिला एकीनंही विचारलं नाही.